गाडीचा ब्रेक आणि आपण बायका



 माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. तरी आज मी गाडीच्या ब्रेकविषयी बोलणार आहे. हा पुरुषांचा विषय असे काहीजणींना वाटेल. पण गाडीत आपण बसतो, मुलेबाळे आपल्या मांडीवर असतात. मग ती थांबते कशाने, हे आपल्याला नको का ठाऊक असायला?

माझी मुलगी चिपळूणला दिली आहे. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तिला पहिल्या बाळंतपणासाठी आणायचे होते. रस्ता कराड, पाटणवरून कुंभार्ली घाटाचा. निघायच्या आठवड्यात ब्रेक दाबला, की पुढच्या चाकातून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. घरातून सूर निघाला, "आल्यावर बघू." मी म्हटले, "चाक उघडून पाहिल्याशिवाय गाडी घाटात जायची नाही." थोरल्या भाऊजींची हयात फिटरकामात गेलेली. त्यांनी अंगणातच चाक काढले. पॅडचा मसाला जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता.

रचना सोपी आहे. चाकाबरोबर लोखंडी तबकडी फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पायाने दाबले, की ब्रेक ऑइलच्या जोराने पिस्टन सरकतो आणि पॅड तबकडीला आवळतात. सहाणेवर चंदन झिजावे तसा पॅड झिजतो. झिजणे हेच त्याचे काम. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा मिलिमीटर असतो. तीनवर आला, की बदलावा. पुष्कळ पॅडांना पत्र्याची लहान जीभ असते. मसाला संपत आला, की ती तबकडीला घासून ओरडते. तेच आम्ही ऐकले होते.

पहिले चाक भाऊजींनी केले, दुसरे त्यांच्या देखरेखीखाली मी केले. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करावेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, खाली मजबूत स्टँड द्यावा. चाक काढल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलावा व तारेने बांधावा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण सैल करून पिस्टन हळूहळू आत सारावा. ते ऑइल रंगावर सांडले, तर रंग जातो. मग नवे पॅड बसवावेत. त्यांच्या मसाल्याला तेलाचे बोट लागू देऊ नये. दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी, पायाला कठीण लागेपर्यंत ब्रेक पुन:पुन्हा दाबावा. मग ऑइलची पातळी पाहावी. हे विसरले, तर अंगणाच्या भिंतीलाही गाडी थांबायची नाही. तबकडीला खोल चरे असतील किंवा पिस्टन सरकत नसेल, तर मात्र गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

हे काम बाईचे नव्हे असे कोणी म्हणाले, तर त्यांना बर्था बेन्झची गोष्ट सांगा. १८८८ साली जर्मनीतली ही बाई, नवऱ्याला न सांगता, दोन मुलगे बरोबर घेऊन त्याने बनविलेल्या मोटारीतून माहेरी निघाली. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आजच्या पॅडच्या मसाल्याचे मूळ त्या चामड्यात आहे. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि १९१० साली आपल्या शेजारी किर्लोस्करवाडी वसविली. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. यंत्र आणि बाईचे शहाणपण, दोन्ही आपल्या शिवेवरच वाढली आहेत.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सारखा पाय दाबून ठेवला, तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. त्या दिवशी यांनी तशीच गाडी उतरविली, आणि लेक सुखरूप माहेरी आली. आज नात सहा महिन्यांची आहे.

गाडीतून आवाज आला, तर गप्प बसू नका. "चाक काढून दाखवा" एवढे म्हणायला शिक्षण लागत नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कोणत्याही रविवारी आमच्या अंगणात यावे. पाना मी देईन.