दऱ्यांची नावे

राज्ये जातात, वस्त्या बदलतात. परंतु नद्यांची व दऱ्यांची नावे सहसा टिकून राहतात. नवागत लोक गावे नव्याने वसवितात. समोरच्या खोऱ्याचे नाव मात्र तेथल्या जुन्या रहिवाशालाच विचारतात. ब्रिटनचा नकाशा याची साक्ष देतो.

पाचव्या शतकापासून अँग्लो-सॅक्सन लोक त्या बेटावर स्थिरावले आणि आजच्या इंग्लंडच्या बहुतेक भागातून जुनी केल्टिक भाषा हळूहळू मावळली. तरीही इल्फ्राकूमसारख्या ग्रामनामाच्या अखेरीस ऐकू येणारा ‘कूम’ हा दरीवाचक शब्द तिचाच होय. ‘एव्हन’ या नदीनामाचा मूळ अर्थ नुसता ‘नदी’ एवढाच आहे.

पश्चिमेकडे वेल्समध्ये त्या भाषेची लेक, वेल्श, जिवंत राहिली. डोंगराच्या कुशीतली, माथ्याकडे बंद झालेली दरी ती ‘कूम’. अरुंद, खोल घळ ती ‘ग्लिन’. नदीचे रुंद खोरे ते ‘डफ्रिन’. आयर्लंडमधील तिच्या भगिनीभाषेत ‘ग्लेंडलॉख’ म्हणजे दोन सरोवरांची दरी. वेल्शमधला ‘कूम’ तर हिमालयापर्यंत पोहोचला. एव्हरेस्ट, ल्होत्से व नुप्त्से यांच्यामधील हिमदरीला मॅलरीने १९२१ साली ‘वेस्टर्न कूम’ असे नाव दिले. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी याच दरीतून वर गेले.

पण खुद्द वेल्समध्ये काय घडले? ट्रिवेरिनच्या खोऱ्यात कापेल केलिन हे वेल्शभाषी खेडे होते. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तेथे जलाशय बांधण्यास १९५७ साली ब्रिटिश संसदेने मान्यता दिली. वेल्सच्या एकाही खासदाराने अनुकूल मत दिले नव्हते. १९६५ पर्यंत शाळा, प्रार्थनामंदिर, शेतेभाते सारे पाण्याखाली गेले. मधल्या काळात, १९६२ साली, साँडर्स लुइस यांनी नभोवाणीवरील व्याख्यानात इशारा दिला, की प्रवाह असाच राहिला तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा उरणार नाही. त्या भाषणातून भाषारक्षणाची चळवळ उभी राहिली. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदविले.

कापेल केलिनवरच्या जलाशयाला आज ‘लिन केलिन’ म्हणतात. ‘लिन’ म्हणजे सरोवर. नाव राहिले, ते पाण्याला मिळाले. भाषा मात्र नकाशावर जगत नाही. तिला बोलणारी माणसे लागतात, आणि त्या माणसांना राहायला दरी लागते.