बाटलीतली हरळी

हरळी म्हणजे काय, हे भिवंडीकडच्या शेतकऱ्याला कॉलेजातल्या मास्तराने सांगावे, यापरता विनोद नाही. बांधावरची हरळी खणून काढली, तरी एक पेर मातीत राहिले की पावसाळ्यात बाईसाहेब पुन्हा हजर! दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो तेवढाच तिचा मान. मग हीच हरळी काचेच्या बाटलीत वाढवण्याचा खटाटोप शास्त्रज्ञ का करतात?

त्याचे असे आहे. क्रीडांगणावरची तलम हिरवळ पुष्कळदा संकरित हरळीची असते. अमेरिकेत टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी १९६० साली दिलेली 'टिफवे' ही जात अशीच. ती खेचरासारखी वांझ. तुरा येतो, पण बी धरत नाही. बी नाही, म्हणजे पुढे संकर करून सुधारणा करण्याची वाटच बंद. तेव्हा पेशींकडे वळावे लागले.

हरळीचा कोवळा तुरा निर्जंतुक करून साखर व क्षार घातलेल्या अगर-अगरच्या थरावर ठेवतात. त्यात एक औषधही असते. कोणते म्हणाल? टू-फोर-डी! भातातले रुंद पानांचे तण मारायला फवारतात तेच. येथे मात्र लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम, बस्स. त्याने पेशी नुसत्या वाढत सुटतात आणि पिवळसर गाठ तयार होते. औषध काढून गाठ उजेडात ठेवली, की तीतून कोंब फुटतात. सगळ्याच गाठींतून नव्हे. आणि काही कोंब पांढरेफटक निघतात, ते जगत नाहीत.

गाठीतून आलेले रोप मूळ झाडाबरहुकूम असेलच असे नाही. नवी जात शोधणाऱ्याला हे हवेच असते. बागायतदाराला मात्र नको. आपण टिश्यू कल्चरची केळी किंवा बांबू घेता, ती रोपे बहुधा गाठीतून नव्हे, कोंबातून किंवा डोळ्यातून वाढवलेली असतात, म्हणून आईसारखी निघतात. बांबूही गवतच बरे! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९० साली बाटलीतल्या बांबूला काही महिन्यांत फुलोरा आल्याचे प्रसिद्ध केले. रानात त्याला कित्येक दशके लागतात.

पण एकाच कोंबापासून फार पिढ्या काढल्या, तर तेथेही बेरूप झाडे येऊ लागतात. म्हणून रोपवाटिकेत भावाबरोबर हेही विचारा : मातृझाड कोणते, आणि रोप कितव्या पिढीचे? उत्तर टाळले, तर पैसे खिशातच राहू द्या.

शिक्षकांनी वर्गात हरळीचे दोन तुकडे ओल्या मातीत लावून पाहावेत, एक पेराचा डोळा असलेला, एक नसलेला. आठवड्याभराने मुलांनाच उकरू द्यावे.