परिचारिका, लस आणि कर्तव्य

(लोणी काळभोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोणी काळभोरहून पुण्याकडे निघाले की सोलापूर रस्त्यावर मांजरी आणि मग हडपसर लागते. कोविशील्ड तयार करणारी सीरम इन्स्टिट्यूट याच परिसरातील. १२ जानेवारी २०२१ रोजी, स्वामी विवेकानंद जयंतीच्या पहाटे, नारळ वाढवून लशीच्या पहिल्या गाड्या तेथून बाहेर पडल्या. चार दिवसांनी देशभर लसीकरण सुरू झाले. पहिला मान आरोग्यसेवकांना मिळाला आणि पहिली कुजबुजही रुग्णालयांतूनच ऐकू आली. अनेक परिचारिका आणि काही डॉक्टरही ‘थोडे थांबून पाहू’ म्हणत होते. ज्यांनी इतरांना टोचायचे त्यांनीच दंड मागे घ्यावा, याचा समाजाला अचंबा वाटला. काहींनी त्यांना भित्रे ठरवले.

तो निवाडा घाईचा होता. त्या वेळी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते, आणि ती लस घेणाऱ्याकडून स्वतंत्र संमतिपत्र भरून घेतले जात होते. असा कागद समोर आल्यावर प्रश्न विचारणारी परिचारिका आपले शिक्षण सार्थ करते. परंतु प्रश्न विचारणे वेगळे, आणि उत्तर मिळाल्यानंतरही टाळत राहणे वेगळे. आजच्या विषयाचे मर्म या दोहोंमधील अंतरात आहे.

याच रस्त्यावरील हडपसरला एक जुनी आठवण आहे. १८९७च्या प्लेगमध्ये ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथे पोहोचल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. सावित्रीबाईंपर्यंत ती पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापाशी संरक्षण नव्हते, तरी त्या मागे सरल्या नाहीत. आज संरक्षण हाताशी आहे. सेवेची परंपरा सांगताना हा फरक सहसा सांगितला जात नाही.

त्याच पुण्याने त्याच वर्षी सक्तीचेही रूप पाहिले. रँडच्या अधिकाराखाली सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. उपाय रोगाविरुद्ध होता, पण लोकांना तो स्वतःविरुद्ध वाटला. २२ जूनला चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. लोकमान्य टिळकांनी या जुलुमावर कठोर टीका केली, आणि दुसरीकडे प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळही उभारले. सक्ती नाकारणे म्हणजे कर्तव्य नाकारणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

मग परिचारिकेचे कर्तव्य कोठून येते? रुग्णाला परिचारिका निवडता येत नाही. मध्यरात्री अतिदक्षता विभागात जी पाळीवर असेल, तिच्या हाती तो असतो. केमोथेरपी चालू असलेला माणूस, अपुऱ्या दिवसांचे बाळ, डायलिसिसवरील वृद्ध यांना तिच्यापासून दूर सरकण्याची सोय नाही. दुकानदाराने लस घेतली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल. येथे ती वाट बंद आहे. म्हणून सामान्य नागरिकापेक्षा तिचे दायित्व अधिक आहे, असेच म्हणावे लागते.

तथापि हे दायित्व सर्व लशींबाबत एकाच वजनाचे नाही. गोवराची लस संसर्गाची साखळीच तोडते. तेथे टाळाटाळीला जागा नाही. कोरोनाच्या लशीने गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखले, परंतु ओमायक्रॉननंतर प्रसार रोखण्याची तिची शक्ती मर्यादित असल्याचे स्पष्ट झाले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात लसीकरणाचे धोरण योग्य ठरविले, मात्र कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, असेही सांगितले. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात असले पाहिजेत, ही न्यायालयाची भूमिका होती. हा निकाल कायद्याची मर्यादा सांगतो. विवेकाचे काम त्यापुढे सुरू होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कर्तव्याची भाषा नेहमी परिचारिकेलाच ऐकविली जाते. एप्रिल २०२०मध्ये मुंबईतील खासगी रुग्णालयांत परिचारिकाच मोठ्या संख्येने बाधित झाल्या, तेव्हा संरक्षक साधनांच्या तक्रारी कोणी ऐकल्या होत्या? कंत्राटी परिचारिकेला लशीनंतर ताप आला तर तिचा दिवस भरला जातो की पगारातून कापला जातो? जी संस्था ताप आलेल्या दिवसाची रजा देत नाही, तिने नीतीचे पाठ देऊ नयेत. (सत्काराच्या शाली मात्र वेळेवर येतात.)

हिपॅटायटिस बी पाहा. येथे वाद नाही, चर्चाही नाही, आणि म्हणूनच दुर्लक्ष आहे. बाधित रुग्णाला वापरलेली सुई लस न घेतलेल्या परिचारिकेला टोचली, तर लागण होण्याची शक्यता सुमारे ६ ते ३० टक्के असते. लशीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडे तयार झाली की नाही, हे पाहायचे असते. या सभागृहात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुली बसल्या आहेत, त्यांचे आईवडीलही आहेत. वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्या मुलीचे किती डोस झाले, तपासणी कधी झाली आणि खर्च कोणी केला, हे त्यांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात उद्याच विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.