वस्ती सुधारली, वस्तीकर कोठें गेले?

गुरु ग्रंथसाहिबाच्या गुरुगादीची त्रिशताब्दी नांदेडास २००८ सालीं साजरी झाली. त्या सुमारास केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानांतून शहरांत रस्त्यांचीं, गटारांचीं व घरांचीं मोठीं कामें झालीं. लातुरांत शिकवणीवर्गांमुळें बाहेरगांवचे विद्यार्थी भाडेकरू म्हणून येऊं लागले. वस्तीचें रूप असें पालटलें, म्हणजे रहिवाशांचें आरोग्य सुधारलें काय, हें मोजावें कसें?

त्याच मोहल्ल्याची आधीं व नंतर पाहणी करणें ही सोपी रीत. परंतु समजा, शंभरांपैकीं चाळीस कुटुंबें भाडें न झेपून निघून गेलीं व त्यांच्या जागीं सुखवस्तु मंडळी आली. आजारांचा आंकडा उतरेल. पण रोगी एकही बरा झालेला नसेल!

गटारें बांधल्यानें राहिलेल्यांचा ताप-हगवण घटेल, हें खरें. तथापि गेलेल्यांचाही माग काढला पाहिजे. दवाखाना किती लांब पडला? भाड्यापायीं दूध-औषध तुटलें काय? शेजार सुटल्यानें वृद्ध एकाकी झाले काय? याकरितां कामास आरंभ होण्यापूर्वींच महापालिकेनें घरोघरची, भाडेकरूंसुद्धां, नोंद करून ठेवावी. मागाहून तीं माणसें सांपडत नाहींत.