कंपवाताचा रोगी आणि घरची सायकल

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षक बोलायला उभा राहिला की तो मुलांच्या अभ्यासावर बोलणार, असे आपण गृहीत धरतो. मी मात्र तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी बोलणार आहे; त्यांच्या एका आजाराविषयी, ज्याला आपण कंपवात म्हणतो आणि डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. मुलांचा त्याच्याशी काय संबंध, ते ओघाने येईलच.

माझे मामू किराणा दुकान चालवीत. त्यांच्या खातेवहीतले अक्षर ओळीच्या आरंभी ठळक आणि शेवटाकडे मुंगीएवढे होऊ लागले. कोणी म्हणाले, चष्मा बदला. मग जमातीच्या नमाजात सजद्यातून उठायला त्यांना वेळ लागू लागला. इमामसाहेब पुढच्या रकातीला उभे, आणि मामू अजून जमिनीवर. चेहऱ्यावरचे भाव नाहीसे झाले. नातवंडांना वाटे, नाना आपल्यावर रागावले आहेत. हात थरथरू लागला तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेणे झाले. अक्षर बारीक होणे, चेहरा निर्विकार होणे, आवाज खोल जाणे, चालताना एक हात न हलणे, ही सारी या आजाराची लक्षणे होत. थरथर तेवढी लोकांना ठाऊक असते, बाकीची वयाच्या खात्यावर टाकली जातात.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. मेंदूत खोलवर एक काळसर भाग असतो. तेथील पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे आणि तिचा वेग राखणे या कामी ते लागते. या पेशी हळूहळू मरत जातात, आणि लक्षणे उघड दिसेपर्यंत सुमारे निम्म्या गेलेल्या असतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, आणि कोणाची नजर लागूनही होत नाही. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना तो असल्याचे १९८४ साली निष्पन्न झाले. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने त्यांनी ज्योत पेटवली, ती साऱ्या जगाने पाहिली. आपण मात्र घरच्या रोग्याला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतो.

बसवणे, हाच माझ्या बोलण्याचा मुद्दा आहे. आपल्याकडे आजारी माणसाविषयीचे प्रेम "तुम्ही बसा, आम्ही करतो" या शब्दांत व्यक्त होते. भावना चांगली आहे, पण या आजारात ती घात करते. शरीर आधीच ताठर झालेले असते. बसून राहिल्याने ते अधिक ताठर होते, तोल जातो, बद्धकोष्ठ वाढते, मन खचते.

आता सायकलीकडे येतो. २००३ साली अमेरिकेत जे अल्बर्ट्स नावाचे संशोधक आयोवा राज्य ओलांडणाऱ्या सायकल-सफरीत निघाले. त्यांची सायकल जोडीची होती; एकामागे एक दोन बैठका आणि पायडलच्या दोन जोड्या. मागे कंपवाताची एक रोगी स्त्री बसली होती. अशा सायकलीत दोन्ही पायडल साखळीने जोडलेले असतात, म्हणून पुढचा ज्या वेगाने मारील त्याच वेगाने मागच्याचे पाय फिरतात. सफर चालू असतानाच त्या बाईंचे हस्ताक्षर सुधारल्याचे दिसून आले. फिरत होते पाय आणि सुधारले अक्षर! यात काही अर्थ आहे का, हे पाहण्यासाठी अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दहा रोग्यांवर प्रयोग केला. निम्मे रोगी आपापल्या वेगाने जागेवरची सायकल चालवीत. निम्मे प्रशिक्षकासोबत जोडीच्या सायकलीवर बसत, आणि त्यांच्या पायांचा वेग पहिल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त राही. आठवडे आठ. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जोडीने चालवणाऱ्यांच्या हालचालींच्या तपासणीत सुमारे ३५ टक्के सुधारणा होती, दुसऱ्या गटात तशी नव्हती. दहा माणसांवरून जगाचा नियम बांधता येत नाही, हे गणिताच्या मास्तरांनी सांगायला नको.

पण पुढे मोठे प्रयोग झाले. नेदरलँडमध्ये १३० रोग्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली आले. एका गटाने घरीच जागेवरची सायकल चालवली, आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे. दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी सायकलवाल्यांचे हालचालींचे गुण दुसऱ्या गटाच्या मानाने कमी बिघडले होते. यांना ओढणारा कोणी पुढे बसलेला नव्हता, पण दुरून लक्ष ठेवणारे आणि उत्साह देणारे होते. आजार बरा होतो, असे कोणी म्हटलेले नाही. मीही म्हणत नाही.

त्याच देशातले डॉक्टर ब्लूम यांनी २०१० साली एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना चार पावले धड टाकता येत नसत, पाय जमिनीला खिळत. पण सायकलीवर बसवताच ते सफाईने चालवू लागले. उतरताच पाय पुन्हा खिळले. पायडलच्या फिरण्यात एक ताल असतो, आणि मेंदूला आतून न मिळणारा ताल तो बाहेरून पुरवत असावा, असा एक तर्क आहे. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की काही रोगी त्या ओलांडत सहज चालतात, तेही असेच.

म्हणून घरात काय करावे? जोडीची सायकल आपल्याकडे क्वचितच मिळते, पण जागेवरची सायकल जुन्या बाजारातही मिळते. आधी डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पाठीला टेकू असलेली सायकल बरी. चढताना-उतरताना एकाने दंड धरावा, कारण पडण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. उठल्याबरोबर चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. रस्त्यावर एकट्याला पाठवू नये.

आणि समोर एक मूल बसवावे. येथे विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम येते. मिनिटाला पायडलचे किती फेरे झाले ते मोजायचे. ऐंशीपर्यंत नेता आले तर उत्तम, पण सुरुवात पन्नासने झाली तरी हरकत नाही. टाळ्यांचा ठेका धरा, पाढे म्हणा, दोन सायकली असतील तर शेजारी बसून तुम्हीही मारा. "नाना, थोडे जोरात!" हे नातवाने म्हटलेले जितके चालते तितके मुलाने म्हटलेले चालत नाही.

काही भगिनींच्या मनात आले असेल, अम्मीला या वयात सायकलीवर बसवायचे? हा आजार बायकांनाही होतो, आणि घरातली सायकल बंद खोलीत चालते. रस्त्यावर जायचे नाही, कोणाला दिसायचे नाही. तरी आपल्याकडे वडिलांसाठी पैसे निघतात आणि आईसाठी "बघू" असे म्हटले जाते. तेवढे होऊ देऊ नका.

गोळ्यांविषयी दोन शब्द. या आजारावरील मुख्य औषध लेव्होडोपा, आणि ते वेळेवर घ्यावे लागते. ते मनाने अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. रमजानात रोजा धरायचा असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपण सर्व जाणतो. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. तेव्हा हकीमसाहेबांचे चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

बाहेर व्हरांड्यात शाळेच्या व्यायामशाळेतली सायकल आणून ठेवली आहे. बैठक किती उंच ठेवावी, पाय पायडलवर पट्ट्याने कसा बांधावा, हे आमचे खेळाचे शिक्षक दाखवतील. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी चहानंतर थांबावे, आणि सोबत एका मुलाला घ्यावे.