किटलीची कर्णभूषणे

अलंकारांची हौस ही श्रीमंतांची मिरास, असा एक जुना समज आहे. आणि सोन्याचा भाव ज्या वेगाने चढत गेला तो पाहता हा समज अधिकच दृढ व्हावयास हवा होता. मुंबईच्या उपनगरांत मात्र तसे घडलेले नाही. सकाळच्या वेळी बोरिवलीहून चर्चगेटकडे, किंवा मुलुंड-घाटकोपरहून बोरीबंदराकडे निघालेल्या लोकलगाडीतील स्त्रियांचा डबा ज्या श्रोत्यांनी पाहिला असेल, त्यांस निराळे सांगावयास नको. एकीच्या कानात चहाची किटली झुलत असते, दुसरीच्या कानात तीनचाकी रिक्षा. तिसरीच्या ओढणीवर बाराखडी पसरलेली असते. आणि या सर्वजणी बँकेत, न्यायालयात, इस्पितळात अत्यंत गंभीर कामे करावयास निघालेल्या असतात!

घरातील वडीलधाऱ्यांना हा थिल्लरपणा वाटतो. दागिना कसा, अडल्या वेळी सराफाकडे नेता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. परंतु ज्या आजीबाई असा आक्षेप घेतात, त्यांच्याच दागिन्यांच्या डब्यात डोकावले की मौज दिसते. बोरमाळेत बोरे आहेत, पोहेहारात पोहे आहेत, आणि कोल्हापुरी साजात तर मासा, कासव, भुंगा, इतकेच काय, चक्क कारले आहे. रानातील, परसातील आणि स्वयंपाकघरातील वस्तू सोन्यात घडवून गळ्यात मिरविणे ही महाराष्ट्रातील सोनारांची आणि स्त्रियांची फार जुनी थट्टा होय. पानात कारले वाढले असता नाक मुरडणाऱ्या किती मुलींनी ते गळ्यात मात्र हौसेने घातले असेल! परसातील बोर जाऊन ज्या घराच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आली, त्या घरच्या मुलीने किटली कानात घातली तर तिने परंपरा मोडली असे कसे म्हणावे?

फरक आहे तो धातूचा. किटली पितळेची किंवा तशाच एखाद्या हलक्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावर सोनेरी मुलामा असतो. हा थर इतका पातळ की मुंबईच्या घामापुढे त्याचा निभाव लागत नाही. आणि धातूत निकेल असले तर कित्येकींच्या कानाच्या पाळीस खाज सुटते. जाणत्या स्त्रिया म्हणून अत्तर लावून झाल्यावरच असा दागिना घालतात व काढल्यावर पुसून कोरड्या डबीत ठेवतात. या नकली दागिन्यांच्या धंद्याचे एक मोठे ठाणे उपनगरांतच, मालाड येथे आहे. तेथील कारखान्यांत साचे ओतले जातात, मुलामा चढतो. पण मणी ओवणे, खडे चिकटविणे ही बारीक कामे आसपासच्या वस्त्यांतील घराघरांतून नगावर मजुरी देऊन करविली जातात. दुपारचे जेवणखाण आटोपून एखादी गृहिणी ज्या कुड्यांवर खडे बसविते, त्याच कुड्या पुढे तिच्याच गाडीच्या डब्यात विकावयास येतात.

त्या डब्यातील बाजार हा एक स्वतंत्र पाहण्याचा विषय आहे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी संपूर्ण लोकल सुरू केली. स्त्रियांचे राखीव डबे तर त्याच्या कितीतरी आधीपासून होते. विक्रेती चढते, डूल टांगलेला पुठ्ठा पुढे करते, आणि तो पुठ्ठा हातोहात खिडकीपर्यंत जातो. पैसेही त्याच वाटेने परत येतात. अलीकडे ते मोबाइलवरूनही येतात. अनोळखी हातांतून गेलेला माल बहुधा जसाच्या तसा परत येतो, ही गोष्ट या शहराविषयी तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. घासाघीस दोन स्थानकांच्या आत उरकावी लागते. कोणता डूल यंदा चालेल हे त्या बाईला बड्या दुकानदाराच्या आधी कळते, कारण न विकलेला माल तिच्याच माथी राहतो.

परंतु परवान्यावाचून गाडीत माल विकणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमान्वये गुन्हा आहे, आणि त्यास दंड वा कैद होऊ शकते. शिपाई दिसला की पुठ्ठा पिशवीत जातो आणि पुढचे स्थानक येताच बाई उतरून जाते. गर्दीत तिची अडचण होते, ही प्रवाशांची तक्रारही रास्तच आहे. पण तक्रार करणारीच्या कानातील डूल पुष्कळदा याच बाईकडून घेतलेले असतात, त्याला काय करावे?

याच मालाडात २००१ साली वैशाली शडांगुळे यांनी लहानसे दुकान थाटले. मूळच्या त्या मध्य प्रदेशातील विदिशा येथील. हातमागाचे कापड हाच त्यांनी आपल्या कलेचा पाया केला आणि जुलै २०२१ मध्ये त्यांनी पॅरिसच्या ओत कूत्यूर सप्ताहात आपली वस्त्रे मांडली. तेथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री डिझायनर होत. खणाचे कापडही त्यांनी वापरले. ज्या खणाची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळी शिवली, ओटी भरली, आणि जो कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणला जातो, त्याला असा मान मिळेल असे कोणास वाटले असेल? डिझायनरच्या वस्त्राची किंमत ऐकून भुवया उंचावतात. तथापि त्या किमतीत विणकराचे दिवस आणि कल्पकाची फसलेली दहा रेखाटने मोजलेली असतात.

डब्यातल्या किटलीची कथा याच्या उलट. ती पहिल्याने कोणी रेखाटली, हे कोणीच सांगू शकत नाही. २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे आकृतीची नोंदणी केली तर दहा वर्षे, व पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. नोंदण्याजोगी आकृती न नोंदविता यंत्रावर ५० हून अधिक वेळा उतरविली, तर १९५७ च्या कायद्यान्वये तिच्यावरील स्वामित्वहक्कही संपतो. मालाडच्या साच्यातून ५० नग एका सकाळीच बाहेर पडावेत!

मोठ्यांचीही तीच तऱ्हा. इटलीतील प्राडा या पेढीने जून २०२५ मध्ये मिलान येथे हुबेहूब कोल्हापुरी वळणाच्या चपला मिरविल्या, आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. या चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रात गहजब झाला तेव्हा पेढीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथील कारागिरांच्या हातचे २००० जोड, सुमारे ८०० युरोंना एक या दराने, विकावयाचे जाहीर केले.

उपनगरातील हौशी स्त्री या सर्व घडामोडी आवडीने वाचते. वर्षभर शिल्लक टाकून ती एखादी डिझायनरची खणाची साडी घेते, नेसताना तिचे काठ दोनदा निरखते, आणि कानात मात्र डब्यात घेतलेली किटलीच घालते. कारण त्या साडीवर तीच शोभते.