वेतोबाच्या चपला

मंडळी, आभार-बिभार कार्यवाहांनी मानले आहेत, मी थेट भांडणालाच हात घालतो. संमेलनाध्यक्षपदाचा हा माईक पुन्हा माझ्या हाती लागणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि निवडणुकीत मला पाडायला निघालेल्यांनाही.

‘सुपरमॅन म्हणजे आपला हनुमानच’ हे काल याच मांडवात पुन्हा ऐकलं. उडतो म्हणून हनुमान? मग घारीचंही देऊळ बांधा! फरक उडण्यात नाही, मालकीत आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. शुस्टरची नजर जवळपास गेली, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे १९७५ साली दोघांना पेन्शन मिळालं. थॉर तर मार्व्हलनं १९६२ साली उत्तर युरोपच्या जुन्या देवांतून फुकट उचलला, आणि आता त्याच्या खेळण्यातल्या हातोड्यावरही कंपनीचा शिक्का! मारुतीची गोष्ट सांगायला कुणाची सही लागते?

आमचे बालसाहित्यातले मित्र या सुपरहिरोंची भाषांतरं करतात. त्यांना मी काही म्हणणार नाही. पोट आहे, शिवाय मतं त्यांनीच मला दिली.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. केळ्यांचे घडही वाहतात. रात्रीची राखण बॅटमॅनही करतो, पण गॉथममधली एखादी म्हातारी त्याला जाब विचारते का? आमची गाय हरवली तेव्हा आजी देवळात उभी राहून ओरडली होती, “वेतोबा, चपला घालून रातभर खंय फिरतंस? माजी गाय कशी दिसाक नाय तुका?” पुजारी गालात हसला. देवाला झापता येतं, ही आमच्या पुराणांची मिजास आहे. तुमचा लोखंडी सूटवाला असं ऐकून घेईल?

आणि ही मिजास जिवंत ठेवली कुणी? दशावतारी नटांनी. लिहिलेली संहिता नाही, एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. आख्यान ठरतं आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. मी पडद्यामागे मुकुटातला अर्जुन बशीतून चहा ओढताना पाहिलाय. तोच पाच मिनिटांनी पायपेटीच्या सुरावर कृष्णाशी असा भांडला की पुढच्या रांगेतले म्हातारे सरसावून बसले. अशा माणसांना आपली संमेलनं कुठे ठेवतात? जेवणानंतर, ‘करमणुकीचा कार्यक्रम’ म्हणून! रंगायला जागा आचाऱ्यांच्या तंबूशेजारी, मानधन ‘नंतर बघू’. एका संस्थेत मी हे बोललो, तर एक विद्वान म्हणाले, “आधी संहिता सादर करा.” ते विद्वान पुढे सुपरहिरो आणि मिथकांवरच्या परिसंवादाचे अध्यक्ष झाले. टाळ्या नकोत, ते इथेच बसलेत.

माझी मागणी साधी आहे. पुढल्या वर्षी दशावतार मुख्य मांडवात, संध्याकाळी सहाला, परिसंवादांच्या आधी. मानधन आगाऊ, राजपार्टीला, म्हणजे राजा रंगवणाऱ्याला, आणि पखवाजवाल्याला सारखंच. उद्याच्या ठरावांत हा पहिला नसेल, तर बाकीच्या ठरावांवर मी सही करणार नाही. कार्यवाहांनी लिहून घ्यावं.